शमीमभाभीचे चार महिने दहा दिवस

गोठा झाडून, धारा काढून मी नुकती चूल पेटवली होती आणि शेजारची शमीमभाभी दारात आली. ही नव्वदच्या दशकातली, आमच्या अंथुर्णे गावातली सकाळ. आम्हा दोघींचे नवरे एकाच मोटरसायकलवरून बारामती एमआयडीसीत कामाला जायचे. एकाच अपघातात गेले.

त्यानंतर भाभी चार महिने दहा दिवस घरातच होती. त्यांच्यात त्याला इद्दत म्हणतात. आदल्या दिवशी ती संपली होती.

"माजं झालं गं. तुजं कधी सुटतंय?" तिनं विचारलं.

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आमच्यात सुटत न्हाय. उद्या तुज्या नणंदेची हळद हाय, तितं पांढरं कपाळ घिऊन म्होरं येऊ नको."

आज, इतक्या वर्षांनी, माझ्या नातीची हळद होती. तिनं वाटी माझ्यापुढं धरली. "आजी, पहिली तू लाव." मी मागं सरकले.

"तुला आता कोण अडवतंय?"

कोणीच नाही. सासूबाईंना जाऊन वीस वर्षं झाली. नात रडली, तरी माझा हात उठला नाही.

मैत्रिणींनो, भाभीला बाहेर पडायचा दिवस ठाऊक होता. माझा दिवस मला कोणी सांगितला नाही आणि मीही कधी विचारला नाही. तुमच्यापैकी कुणी विचारला होता का?

भाभी दारात आली होती, त्या सकाळच्या दुसऱ्या दिवशी नणंदेच्या हळदीला बायका जमू लागल्या. कुणी काही म्हणायच्या आत मी गोठ्यात जाऊन बसले आणि आतून कडी लावली.