बळवंतकाकांचे राहिलेले सहा किलोमीटर

ओंटारिओतल्या हॅमिल्टनमध्ये डोंगर नाही. इथले लोक ज्याला माउंटन म्हणतात तो शंभर मीटरचा कडा आहे. गावाच्या मधोमध उभा, वर घरं, खाली स्टीलचे कारखाने. सांगलीहून आलेल्या बळवंत निमकरांनी या कड्यावरून एक पर्वत तयार केला होता. डंडसकडचा सिडनहॅम हिलचा चढ सायकलने दहा वेळा चढायचा, म्हणजे हजार मीटर होतात. बहात्तराव्या वर्षी, आठवड्यातून दोनदा.

मोजायला त्यांच्याकडे सुपाऱ्या होत्या. दरवर्षी गणपती उठले की पूजेतल्या दहा सुपाऱ्या ते निवडून घ्यायचे. एकेक बोटांत फिरवून बघायचे, बॉल बेअरिंग तपासावं तसं. कारखान्यात तीस वर्षं धातू तपासण्यात गेलेली, हाताची सवय जाते कुठे? दहाही सुपाऱ्या जर्सीच्या पाठच्या डाव्या खिशात. एक चढ झाला की एक सुपारी उजव्या खिशात.

"काका, फोनमध्ये ॲप असतं हो त्याचं," मी एकदा म्हटलं.

"ॲप बंद पडतं, ऊर्मी. सुपारी बंद पडलेली बघितलीयेस कधी?"

मी त्यांच्या बेसमेंटमध्ये चौदा वर्षं भाडेकरू आहे. बसच्या डेपोत रात्रपाळीला बस धुते. इथल्या मंडळाच्या कार्यक्रमात बायका विचारतात, "तुम्ही काय करता?" आणि उत्तर ऐकलं की वाढायला उठतात. काकांनी तसं कधी केलं नाही. पहिल्या वर्षी बसपाससाठी माझी ओढाताण व्हायची, तेव्हा त्यांनी गराजमधली जुनी सायकल काढून दिली. मी सायकलवर बसले आणि गाडीवाल्यांच्या शिव्या खायला लागले. शिव्या परत देता देता सिटी हॉलपर्यंत पोचले. लायब्ररीत बसून कायदा वाचला. या प्रांतात सायकलवाल्याला ओलांडताना एक मीटर अंतर ठेवायचं असा नियम आहे, तो मला तोंडपाठ आहे. नगरसेवकांसमोर नागरिकाला पाच मिनिटं मिळतात. ती मी आजवर एकोणीस वेळा घेतली आणि दोनदा माइक बंद करवून घेतला.

काका एकदाही आले नाहीत. "तू बोल. तुझा आवाज चांगला आहे," म्हणायचे. सेहेचाळीस वर्षं या देशात काढली त्यांनी; दारात पोलिसांची गाडी आली नाही, शेजाऱ्याशी वाद झाला नाही, ड्राइव्हवेचं बर्फ शेजाऱ्याच्या आधी शोव्हल केलं. याचा त्यांना अभिमान होता. मला राग यायचा.

दहा वर्षांपूर्वी जयंतीकाकूंबरोबर ते सार्डिनियाला गेले होते. इटलीचं बेट आहे. लोक तिथे समुद्र बघायला जातात, काका रस्ता बघायला गेले. पूर्वेकडे डोरगाली नावाच्या गावातून एक रस्ता वीस किलोमीटर चढत खिंडीपर्यंत जातो, हजार मीटर उंचीवर. एका बाजूला चुनखडीचे पांढरे कडे, दुसऱ्या बाजूला दरी, मध्ये शेळ्या. तासाभरात चार गाड्या. त्यावेळी चौदाव्या किलोमीटरला गारा सुरू झाल्या आणि त्यांना परत फिरावं लागलं.

"तिथे काय झालं सांगू?" ते मला सांगायचे. निदान पन्नास वेळा सांगितलं असेल. "बारा किलोमीटर झाले आणि लक्षात आलं, मी एकदाही मागे वळून बघितलं नाही. इथे मी दर अर्ध्या मिनिटाला मान वळवतो. मान वळवल्याशिवाय सायकल चालवता येते हे मला बासष्टाव्या वर्षी कळलं."

राहिलेले सहा किलोमीटर त्यांना हवे होते. बाकी माणसाला काही नको होतं, खरंच. दोन हजार चोवीसच्या एप्रिलची तिकिटं काढली. काकू वर खिंडीतल्या तांबड्या घरापाशी भाड्याची गाडी घेऊन थांबणार, काका चढून येणार, मी सोबत. माझं तिकीट त्यांनीच काढलं आणि मी भांडले तर म्हणाले, "सुपाऱ्या धरायला कुणीतरी पाहिजे."

त्याआधीच्या ऑक्टोबरात ते घरी हात पोटाशी धरून आले. ड्राइव्हवेतल्या ओल्या पानांवरून घसरलो, तळवा टेकवला, असं सांगितलं. मुलगा उन्मेष इथल्याच, म्हणजे ओंटारिओतल्या लंडनमध्ये डॉक्टर आहे. त्याने स्पीकरवर विचारलं, "डॅड, हाऊ एक्झॅक्टली डिड यू फॉल?"

"अरे, पानं होती ओली. घसरलो."

"ऑन युअर रिस्ट?"

"हो हो, मनगटावरच."

मनगटाचा एक्स-रे काढला, मनगटाला पट्टा बांधला. हिवाळाभर ते बेसमेंटमध्ये माझ्या खोलीबाहेर ट्रेनरच्या स्टँडवर जागच्या जागी सायकल चालवत राहिले, डाव्या हाताने हँडल धरून. मनगटाची फिजिओथेरपी चालली. खांद्याकडे कुणी बघितलं नाही, कारण खांद्याबद्दल कुणाला सांगितलंच नव्हतं.

मार्चमध्ये रस्ते मोकळे झाले आणि आम्ही सिडनहॅमला गेलो. पहिला चढ झाल्यावर त्यांनी डाव्या हाताने सुपारी काढून उजव्या हातात दिली. ती खाली पडली. ते वाकले. हिवाळाभर बर्फावर टाकलेल्या मिठाने पांढऱ्या झालेल्या रस्त्यावर ती सुपारी पडलेली, आणि काकांची बोटं तिच्याभोवती नुसती फिरत होती. चिमूट होत नव्हती. चारदा प्रयत्न केला. मी सुपारी उचलली.

"काका, हे मनगट नाहीये."

मग त्यांनी सांगितलं. ऑक्टोबरात कड्यावरच्या शेतांमधल्या रस्त्यावर एका पिकअपचा आरसा त्यांच्या डाव्या कोपराला लागला. ते उजवीकडे चरात फेकले गेले, खांद्यावर पडले, मान दुसरीकडे ओढली गेली. पिकअपवाला पोरगा थांबला. उतरून "यू ओके, सर?" म्हणाला.

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"सॉरी म्हटलं. माय मिस्टेक."

"तुमची मिस्टेक?"

"अगं, त्याचा आरसा वाकडा झाला होता. मी सरळ करून दिला. चिखल लागला होता, बाहीने पुसला."

मी रस्त्यावर उभी राहून ओरडले. काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. नंबर घेतला? नाही. पोलीस? नाही. काकूंना? "तिला कळलं तर सायकल बंद. सार्डिनिया बंद. ऊर्मी, सहा आठवडे राहिलेत. आल्यावर मी स्वतः सांगतो. चढायचंच तर आहे, उतरताना गाडी आहे. ब्रेकचा प्रश्नच नाही. तेवढं गप्प बस."

आणि मी गप्प बसले. भर सभेत माइक बंद केला तरी बोलत राहणारी मी. त्यांचा चेहरा बघून गप्प बसले. वाटलं, पाच महिने गेलेच आहेत, अजून दीड गेला तर काय बिघडतं? मला माहीत नव्हतं, आणि मी विचारलंही नाही.

सार्डिनियात तो रस्ता त्यांनी सांगितला होता तसाच निघाला. सकाळी आठला डोरगालीतून सुटलो. कड्याच्या कपारींत पांढरी फुलं, हवेत कसल्यातरी पाल्याचा कडवट वास, लांब कुठेतरी शेळ्यांच्या घंटा. दर दोन किलोमीटरला मी माझ्या खिशातून सुपारी काढून दुसऱ्या खिशात टाकायची आणि ओरडायची, "चार झाल्या!" त्यांचा उजवा हात हँडलवर नुसता ठेवलेला होता, पिशवी ठेवावी तसा. सात सुपाऱ्यांना चौदावा किलोमीटर आला. त्यांनी कठड्याकडे बघून मान हलवली. गारा लागल्या ती जागा असणार. सोळाव्याला मी आठवी टाकली. वर तांबडं घर दिसत होतं, त्याच्या बाजूला काकूंची पांढरी गाडीही.

मला तेव्हा ते दिसायला हवं होतं. काका सारखे मान वळवत होते. रिकाम्या रस्त्यावर, दर अर्ध्या मिनिटाला.

मागून एक जुनी फियाट आली. तिच्यातला म्हातारा आम्हाला ओलांडेचना. वळण संपायची वाट बघत गोगलगायीसारखा मागे येत होता. हॉर्न नाही, घाई नाही. आमच्या गावात मी एकोणीस वेळा जे मागितलं ते हा माणूस न मागता देत होता. काकांनी गाडीचा आवाज ऐकला. वळून बघितलं, अंग चोरलं आणि सायकल खडीत घातली. सावरायला उजव्या हातात काही उरलंच नव्हतं; ते पडले.

म्हातारा धावत आला. काकूंनी वरून पाहिलं होतं, त्या गाडी घेऊन खाली पोचल्या तेव्हा काका उठून उभे होते. गुडघा फुटला होता. ते म्हाताऱ्याला सांगत होते, "सॉरी, सॉरी. माय मिस्टेक." आणि डाव्या हाताच्या बाहीने फियाटचा आरसा पुसत होते. गाडी त्यांना लागलीसुद्धा नव्हती. आरसा स्वच्छ होता.

"अहो, हे काय करताय?" काकू म्हणाल्या.

ते पुसतच राहिले. म्हाताऱ्याने हलकेच त्यांचा हात धरून बाजूला केला.

मग मी सगळं सांगून टाकलं. काकूंनी ऐकून घेतलं, नवऱ्याकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"मार्चपासून."

"तू तर सगळ्या गावासाठी भांडतेस ना गं?"

मी वाकून खडीतली सायकल उभी केली.

चार किलोमीटर राहिले होते. काकूंनी विचारलं, गाडीतून वर जाऊन बघायचं का? काका नको म्हणाले. आम्ही खाली आलो.

जूनमध्ये उन्मेषने ओळखीच्या सर्जनला गाठलं. मानेपासून निघणाऱ्या नसा खांद्यापाशी ताणून तुटल्या होत्या. सर्जन बाई शांतपणे म्हणाली, अशी नस सहा महिन्यांच्या आत जोडली तर हात बराच परत येतो. आठ महिने झालेत. उन्मेष आपल्या बापावर इंग्रजीत ओरडला, मग पार्किंगमध्ये जाऊन रडला. मी बोटांवर मोजलं. ऑक्टोबर ते मार्च, पाच. तेव्हा एक महिना शिल्लक होता. त्या महिन्यावर मी बसून होते.

पोलीस चौकीत मी काकांना ओढतच नेलं. काउंटरवरच्या बाईने तारीख विचारली, ती सांगितली. गाडीचा नंबर नाही. साक्षीदार नाही. दवाखान्याच्या कागदांवर सगळीकडे ओली पानं. बाईने नम्रपणे पेन खाली ठेवलं. बाहेर पडताना काका तिला "सॉरी टू ट्रबल यू" म्हणाले. मी त्यांच्याशी आठवडाभर बोलले नाही. कसल्या तोंडाने रुसले होते देव जाणे.

विसाव्या वेळी सिटी हॉलला जायचं होतं. काकांना म्हटलं, तुमचं नाव घेऊ द्या. नको म्हणाले. मीही गेले नाही. पहिल्यांदाच यादीतलं नाव खोडून घेतलं.

सायकल बेसमेंटच्या भिंतीला टांगलीय. जुलैपर्यंत ते रोज खाली येऊन टायर दाबून बघायचे, डाव्या हाताने पंप मारायचे. मी विचारलं, कशासाठी? "हवा गेली की रिम टेकते," म्हणाले. ऑगस्टपासून येत नाहीत.

सप्टेंबरात गणपती उठले. काकूंनी सुपाऱ्या धुऊन, पुसून ताटलीत घालून त्यांच्यापुढे ठेवल्या, दरवर्षीसारख्या. मी प्रसादाची भांडी घासत होते. काकांनी एक उचलली, डाव्या हाताच्या बोटांत फिरवली आणि परत ठेवली. ताटली काकूंकडे सरकवली.

"कातरून टाक," म्हणाले.

काकूंनी ड्रॉवर उघडून अडकित्ता काढला. मी भांडी तशीच ठेवून खाली गेले. माझ्या जर्सीच्या खिशात गेल्या वर्षीच्या, टाकायच्या राहिलेल्या दोन अजून आहेत. वरून अडकित्त्याचा आवाज येत होता, कट, कट, आणि मी ट्रेनरच्या रिकाम्या स्टँडपाशी उभी होते.