सोमवारी जुंपायचं नाही

आमच्या भागात सोमवारी बैल जुंपत नाहीत. पेरणीची घाई असो की कापसातली डवरणी, सोमवारी जू खाली म्हणजे खाली. माझ्या बाबांनी हा नेम उभ्या जन्मात मोडला नाही. मी मात्र मारेगावात ऑनलाइनचं दुकान टाकलं आणि मला ना सोमवार राहिला ना रविवार. कुणाचा सातबारा, कुणाचा पीकविमा, कुणाला ओटीपी येत नाही, कुणाचा अंगठा उमटत नाही. जेवतानासुद्धा एक हात ताटात आणि दुसरा मोबाईलवर. बायको विचारायची, "जेवून राह्यले का फॉर्म भरून राह्यले?"

मागच्या हिवाळ्यात बाबांना लकवा मारला. पाय सावरला, हातही बराचसा कामात आला, पण बोलणं अडकलं. यवतमाळच्या दवाखान्यात बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी मला बजावलं होतं, "एकेका शब्दाला वेळ लागेल. त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. त्यांनी एकदा बोलणंच सोडलं, तर मग फार अवघड जाईल." मी मान हलवली. हलवता हलवता एका गिऱ्हाइकाला मेसेजही केला.

घरी आल्यावर बाबा "मले..." म्हणून थांबायचे, की मी लगेच सुरू. "पाणी पाह्यजे? चहा? बाहीर जाचं हाय?" मोबाईलमध्ये दोन अक्षरं टाकली की तो पुढचे शब्द सुचवतो ना, तसा मी. बाबा डोकं हलवत, तेवढ्यात फोन वाजे, मी अंगणात जाई. परत येईपर्यंत त्यांनी भिंतीकडे तोंड केलेलं असे. पुढे पुढे ते "मले" म्हणायचेही थांबले. आठ दिवस त्यांच्या तोंडून अक्षर निघालं नाही, तेव्हा बायको माझ्यावर कडाडली.

"शब्द मामाजीच्या ओठावर येत नाही तं तुमी हजर! बोलू कुठं देता त्याईले?"

ती खरं बोलत होती, म्हणून मला राग आला. तणतणत गोठ्यात जाऊन बसलो. गोठा रिकामा होता. बाबा दवाखान्यात असताना चारापाणी करायला कुणी नव्हतं, म्हणून मी बैल विकायला काढले, त्यांचा फोटो तालुक्याच्या ग्रुपवर टाकला आणि दुपारपर्यंत राळेगावकडचा एक शेतकरी गाडी घेऊन आला. घरी परतल्यावर बाबांनी रिकामा गोठा पाहिला, काही बोलले नाहीत. त्यांनी समजून घेतलं, असं मी धरून चाललो. आता समोर खुंटीवर नुसतं जू लटकत होतं. जनावरांना या घरात आठवड्याचा एक दिवस मिळत होता, आणि बापाला माझा एक तास मिळत नव्हता. मला माझीच लाज वाटली.

पुढच्याच सोमवारी दुकान बंद ठेवलं. मोबाईल बंद करून पिशवीत घातला आणि पिशवी त्याच खुंटीला अडकवली.

पहिला दिवस फार वाईट गेला. हात सारखा खिशाकडे जायचा, नसलेली रिंग ऐकू यायची. मी विनाकारण सगळ्यांवर खेकसलो. एक गिऱ्हाईक थेट घरी आलं. "काहून भाऊ, मोबाईलचा उपास हाय काय?" पुढे तालुकाभर हीच थट्टा झाली. पण सोमवार मी सोडला नाही. सकाळी बाबांना धरून महादेवाच्या देवळात न्यायचं आणि कडुनिंबाखालच्या ओट्यावर दोघांनी बसायचं. देवाला हात मी आधीही जोडत होतो, पण घंटेचा नाद पार विरेपर्यंत ऐकला तो तिथेच. मन जरा थाऱ्यावर यायला लागलं.

तिसऱ्या सोमवारी बाबा म्हणाले, "मले..." आणि त्यांनी आपल्या मानेवर मागून हात ठेवला. इतक्या दिवसांनी शब्द आला, मला राहवलं नाही. "मान दुखते? थांबा!" घरून बाम आणला आणि खसाखसा चोळला. त्यांनी डोळे मिटून घेतले. चौथ्या सोमवारी पुन्हा तेच. पाचव्या सोमवारी बामाची डबी मी खिशात घेऊनच गेलो होतो. बाबांचा हात मानेवर गेला, माझा खिशात गेला. तसं त्यांनी माझं मनगट धरलं.

मी जीभ दाताखाली धरून बसलो. एक बाई आली, पिंडीवर पाणी घालून गेली. बाबांचे ओठ हलत होते, मिटत होते, पुन्हा हलत होते.

"मले... बैल... पाह्याचे हायेत."

ते इतके दिवस मला मानेवरची जुवाची जागा दाखवत होते आणि मी तिथे बाम चोळत होतो. मला रडू आवरेना. "दाखवतो बाबा," मी म्हणालो, "उद्या मोबाईल सुरू केला का त्या माणसाले फोन करतो, कवा येऊ म्हणून विचारतो." बाबांनी मनगट सोडलं नाही. अजून एक वाक्य येत होतं. या वेळी मी मध्ये बोललो नाही.

"आज... सोमवार हाय," बाबा म्हणाले. "घरीच... असतीन."