जिंकलेल्या संघाची तक्रार

नोकरीतली बरीच प्रकरणं आता धूसर झाली आहेत. हे मात्र स्वच्छ आठवतं, कारण यात तक्रार घेऊन आलेला माणूस हरलेला नव्हता, जिंकलेला होता.

मोबाईल नुकते दिसू लागले होते. मी दौंड तालुक्यात फौजदार होतो. यवतकडच्या एका गावात कबड्डीचे सामने झाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळची हजेरी चालू असतानाच विजेत्या संघाचा कप्तान ठाण्यात आला. मेंढरं सोडून बागायतीत स्थिरावलेल्या घरातला गडी.

"साहेब, फायनल आम्ही जिंकलोच न्हाई. शेवटच्या चढाईला समोरच्या संघातल्या एकानं माझा घोटा धरला व्हता. त्याच्या पकडीतनं कुणी सुटत न्हाई. त्यानं सोडला मला."

"मग तुझी तक्रार काय?"

"दोस्त हाय माझा. तवापास्नं मान वर करून बघंना. कायतरी इपरीत हाय."

सामन्यांवर सट्टा चालतो, हे आम्हाला ठाऊक होतं. शिरूरची एक टोळी हायवेवरच्या ढाब्यावरून फोनवर भाव देते, अशी खबर होती. पण छापा घातला की माणसं जेवताना सापडायची.

त्या पकड करणाऱ्या खेळाडूला बोलावलं. कुरकुंभच्या कंपनीत शिफ्टला जाणारा, अंगानं दणकट. "हात घामानं घसरला," एवढंच म्हणे. आवाज चढवून पाहिला, उपयोग झाला नाही. खोटं बोलणारा सहसा जास्त बोलतो. हा गप्प होता, म्हणजे कुणाला तरी भीत होता. कप्तानाला त्याच्यासमोर बसवलं आणि मी खुर्ची मागे ओढली.

"पैसं घेतलंस का रं?"

"पोरीची शप्पत, रुपया न्हाई."

"मग?"

"दोघं घरी आलं व्हतं. बायकोनं पाहुणं समजून च्या दिला. मी ड्युटीवरनं आलो, तर एक जण पोरीला मांडीवर घेऊन बसलेला. म्हणला, फायनल तुझ्या हातात हाय. जाताना पोरीच्या शाळंचं नाव सांगून गेला."

जबाबावर सही करायला मात्र तो तयार होईना. आम्ही संरक्षणाचं बोललो, त्यानं कागद परत सरकवला. तेव्हा कप्तान म्हणाला, "वैनी आन् पोर आमच्या वस्तीवर ऱ्हातील. आबा हायेत, भाऊ हायेत. कर सही."

त्यानं सही केली. आम्ही ढाब्यावरची माणसं उचलली. ओळख परेडमध्ये त्याच्या बायकोनं दोघांनाही न डगमगता ओळखलं. नुसता जुगाराचा गुन्हा असता तर दंड भरून ते संध्याकाळी घरी गेले असते. धमकीच्या गुन्ह्यात शिक्षा झाली. टोळीचा म्होरक्या पुराव्याअभावी सुटला.

कप्तानानं जिंकलेली ढाल पंचांकडे परत केली. त्याचा दोस्त पुन्हा मैदानात उतरला नाही. गावानं त्याला विकला गेलेला ठरवलं होतं आणि कोर्टाचा निकाल गाव वाचत नाही.

साक्षीदार फुटला की आम्ही पोलीस त्याला भित्रा म्हणून मोकळे होतो. त्या दिवसापासून मी तो शब्द वापरायचं सोडलं. माणूस बोलायचा थांबला की मी आधी विचारू लागलो, घरी कोण कोण असतं?