म्हणबंदी आणि दुसऱ्या मजल्यावरचा बोका

आमच्या सोसायटीच्या सभेत म्हणींवर बंदी आणली ती मी. ठराव मीच लिहिला, मीच वाचला आणि तो एकमताने मंजूर झाला, कारण त्याच वेळी चहा आला होता आणि कोणाचं लक्ष नव्हतं.

का आणली ते सांगतो. मी रबाळ्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. तिथे माल कमी भरला तर किती कमी, कुठल्या रॅकवरचा, हे सांगावं लागतं. नुसतं कपाळाला हात लावून भागत नाही. सोसायटीचा सेक्रेटरी झालो तेव्हा मला वाटलं, इथेही तसंच असेल. तसं नव्हतं. पार्किंगचाच वाद घ्या. एकाची गाडी दुसऱ्याच्या पट्ट्यात वीतभर येत होती. मी टेप घेऊन खाली गेलो. टेप उलगडायच्या आत एकाने कुंपणाची म्हण काढली. दुसऱ्याने मांजराच्या साक्षीची काढून ती परतवली. मग चोर आला, संन्यासी आला, कोर्टाची पायरीही येऊन गेली. सगळे पांगले तेव्हा दोघांनाही आपण जिंकलो असं वाटत होतं आणि गाडी होती तिथेच होती.

न्यायाच्या म्हणींचा हा मोठा दोष आहे. एकच म्हण फिर्यादीही वापरतो आणि आरोपीही, आणि दोघांना ती अगदी मापाने शिवल्यासारखी बसते. टेप असं करत नाही. टेप एकालाच बरोबर म्हणते, म्हणून ती कोणाला आवडत नाही.

या विषयातले आमच्याकडचे वस्ताद म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचे काका. कोकणातल्या एका तालुक्याच्या कोर्टात दाराशी उभं राहून पक्षकारांचा पुकारा करण्यात त्यांची अख्खी हयात गेली. आत वकील काय बोलतात ते अर्धं ऐकू यायचं, बाहेर बाकावर बसलेले पक्षकार काय बोलतात ते पूर्ण. त्या बाकावरून काकांनी म्हणींचा जो साठा जमवला, तो निवृत्तीनंतर आमच्या इमारतीत आणला. काकी गेल्यापासून ते एकटेच राहतात. म्हणजे ते आणि एक बोका. बोका पिवळट, जाड, एक कान फाटका. ऐरोलीला काकांची मुलगी आहे. ती त्यांना राहायला बोलावते. काका जात नाहीत. मुलीच्या सासूबाईंना मांजराच्या केसांनी दमा होतो, हे कारण ते सगळ्यांना हसत हसत सांगतात.

तर त्या उन्हाळ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी गच्चीवर कुरडया घातल्या. वहिनी साताऱ्याकडच्या. यजमानांचा मार्केटात कांदा-बटाट्याचा गाळा आहे. गहू भिजवून, वाटून, चीक काढून, तो घोटून, सोऱ्याने पाडून, प्लास्टिकच्या कागदावर त्या अशा सरळ ओळी लावतात की आमच्या गोदामातल्या पोरांना दाखवायला न्यावं. आणि त्या ओळींतून कुरडया कमी व्हायला लागल्या.

एका सकाळी वहिनी आमच्या दारात ताटली घेऊन उभ्या. ताटलीत एकच कुरडई, आणि तिच्या मधोमध पंजाचा ठसा.

"भावजी, ह्यो घ्या पुरावा."

माझी बायको मागून डोकावली. "काय स्वच्छ ठसा आलाय. आधार कार्डाला चालेल."

"हसू नका, ताई. जीव जातोय माझा चीक घोटून. त्या बोक्याला सोसायटीतनं काढा. भावजी, तुमच्या कंपनीत उंदरं असतील की. पोत्यात घाला आन् घेऊन जावा."

मी म्हटलं, सभा बोलावतो. सेक्रेटरीला एवढंच बोलता येतं.

संध्याकाळी काका आले. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. नेहमी सोफ्यावर बसून म्हणी सोडणारे काका दारातच उभे राहिले.

"सभा कधी?"

"रविवारी संध्याकाळी, गच्चीवर. घटनास्थळीच."

"बरं. तयारी करतो." मग म्हणाले, "बोका गेला तर मला इथे राहायला कारण काय सांगायचं? मग जावंच लागेल ऐरोलीला. मुलगी चांगली आहे हो. पण तिथे मी पाहुणा."

मला वाईट वाटलं, पण नियम नियम असतो. मी म्हटलं, "काका, एक आठवण. सभेत म्हण चालणार नाही."

त्यांचा चेहरा असा झाला की जणू मी त्यांची कवळी मागून घेतली. "एकही नाही?"

"एकही नाही."

"म्हणजे वकील न देता केस चालवणार तुम्ही," म्हणाले आणि जिना उतरून गेले.

रविवारी गच्चीवर प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. चेअरमन मधे बसले. ते मूळचे उरणचे, आवाज भरदार, आणि कुठल्याही वादात दोन्ही बाजूंना मान डोलावण्यात पटाईत. मी शेजारी स्टीलची वाटी आणि चमचा घेऊन बसलो. कोणी म्हणीच्या वाटेला गेलं की चमचा वाजवायचा, असं ठरलं होतं. कुरडयांचा कागद तिथेच पसरलेला होता, आणि काकांच्या खुर्चीखाली आरोपी झोपला होता.

वहिनींनी ठसा असलेली कुरडई सगळ्यांना फिरवून दाखवली. मग म्हणाल्या, "आमच्याकडं म्हणत्यात ना—"

मी चमचा वाजवला.

"आवो, मी फकस्त आमच्याकडं म्हणले!"

"पुढे काय येणार ते मला माहीत आहे."

तळमजल्यावरचा आयटीवाला हसायला लागला. हा ऐरोलीला कॉम्प्युटर कंपनीत जातो आणि सोसायटीत सगळ्यांना 'टेन्शन नको' म्हणून सांगतो. त्याला बोलायचं होतं, पण बोलता येत नव्हतं. त्याने डोक्यावर दोन बोटं उभी केली, नाकाखाली हाताने मिशा काढल्या, मग उजवा हात पुढे करून शपथ घेतल्यासारखा वर केला.

"मांजर!" मागून कोणीतरी ओरडलं.

"साक्ष!" माझी बायको म्हणाली. "अगं बाई, ती म्हण!"

सभेत टाळ्या पडल्या. मी चमचा वाजवला. "खुणेने केलेली म्हण ही पण म्हणच."

"ठरावात असं कुठे लिहिलंय, सेक्रेटरीसाहेब? ठरावात 'उच्चारू नये' लिहिलंय," आयटीवाला म्हणाला. ठराव वाचणारा सोसायटीत एकच माणूस निघाला, आणि तो हा.

तेवढ्यात चेअरमनांनी हनुवटीखाली लांबलचक दाढी कुरवाळली, डोळे मिटले, आणि एका हाताने गळ्याभोवती दोरी आवळून मान बाजूला टाकली.

"साधू! फाशी!" अख्खी गच्ची ओरडली.

"चेअरमन, तुम्हीसुद्धा?"

"मी काय केला? मी दारी खाजवत व्हतो."

"तुम्हाला दाढी नाहीये."

"म्हनून तं खाजतय."

यानंतर पंधराएक मिनिटं सभा हातवाऱ्यांनी चालली. कोणी कान पिळून दाखवले, कोणी कुंपण होऊन शेत खाल्लं, आणि एका वयस्कर बाईंनी पायरी चढायचीच नाही असा अभिनय इतका मनापासून केला की त्यांना खुर्चीवर बसवून पाणी द्यावं लागलं. वीतभर गाडीच्या वादापेक्षा हे बरं होतं की वाईट, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

शेवटी मी काकांना बोलायला सांगितलं. काका उठले. सवयीने हात तोंडाजवळ गेला, पुकारा करतात तसा. मग तो खाली आला. मी वाटीवरचा चमचा बाजूला ठेवला.

"मला असं बोलायची सवय नाही," ते म्हणाले. "जन्मभर दुसऱ्यांचीच वाक्यं वापरली. तर... तो सकाळी दाराशी येऊन बसतो. मी चहा पितो, तो बघतो. तेवढंच. त्याने कुरडई खाल्ली की नाही मला माहीत नाही. दूध-पोळीही तो कुरकुर करत खातो. खाल्ली असेल तर मी भरून देईन. पण त्याला पोत्यात घालू नका."

ते बसले. कोणी कसल्याही खुणा केल्या नाहीत. चेअरमनांनी खरोखरच हनुवटी खाजवली.

वहिनी म्हणाल्या, "मला काय हौस हाय व्हय मुक्या जनावराला हाकलायची? पण मग माझ्या कुरडया गेल्या कुठं, ते तरी सांगा."

हा माझ्या खात्यातला प्रश्न होता. मी उठून कागदाजवळ गेलो. वहिनींच्या ओळी सरळ होत्या म्हणून मोकळ्या जागा स्पष्ट दिसत होत्या. सगळ्या जिन्याच्या दाराच्या बाजूला, काठाच्या ओळीत. मधल्या ओळी भरलेल्या. आणि बोक्याच्या पंजाचा ठसा सापडला तो बरोबर मधल्या ओळीत, जिथे ठशाची ती एक सोडली तर एकही कुरडई कमी नव्हती.

"गोदामातही तूट येते तेव्हा ती दाराजवळच्या पोत्यात येते," मी सांगितलं. "मांजर मधून चालतं. काठावर उभं राहून, वाकून, हाताला येईल ती उचलणारं मांजर मी पाहिलेलं नाही."

"म्हंजी?" वहिनी.

मी उत्तर देणार, तेवढ्यात आयटीवाला मदतीला धावला. त्याला काकांची बाजू घ्यायची होती, हे मी शपथेवर सांगतो.

"बरोबर आहे, वहिनी. आणि बोक्याने खाल्ली असती ना, तर तो दिवसभर पाणीच पीत बसला असता. मीठ जरा पुढे होतं."

सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या.

वहिनींनी पदर खोचला. "कुठल्या दिवशीच्या?"

"अं?"

"मी दोन दिवस घातल्यात. मीठ कुठल्या दिवशीच्या कुरडईत पुढं होतं?"

"पहिल्या..." आयटीवाल्याचा आवाज बारीक झाला.

"नाय नाय," चेअरमन खुर्चीतून पुढे झाले, "पयल्या दिवसाचा मीठ बराबर हाय. दुसऱ्या दिवसाचा खारट. मना ठाव हाय ना."

मग त्यांनाही ऐकू आलं आपण काय म्हणालो ते. ते हळूच मागे टेकले.

"तुमी पन, चेअरमनसायेब?"

"मी खाल्ली नाय. मी वालली का ती बघली."

हे वाक्य सापडताच सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. पहिल्या मजल्यावरच्यांनी कपडे वाळत घालायला येऊन बघितली होती. टाकीचं पाणी बघायला येणाऱ्यांनी टाकी बघून मग ती बघितली होती. अर्धवट वाळलेली कुरडई, बाहेरून कडक आणि आतून अजून मऊ, ही काय चीज आहे ते ज्याने खाल्ली त्यालाच ठाऊक, आणि तसा जवळजवळ सगळा जमावच होता. प्रत्येकाने एकच बघितली होती. फक्त बघणारे रोज येत होते.

मी बायकोकडे पाहिलं.

"मी फक्त मोडून बघितली," ती म्हणाली.

"आणि मग?"

"मोडलेली परत कशी ठेवायची? बरं दिसतं का ते?"

राहिले दोघं. काकांना कवळीमुळे जमत नव्हतं आणि मला रक्तदाबामुळे मिठाची मनाई आहे. नाहीतर माझीही खात्री देता आली नसती. तरी खात्रीसाठी वहिनींनी एक कुरडई उचलून बोक्यापुढे ठेवली. बोका उठला, तिचा वास घेतला, कंटाळून आमच्याकडे बघितलं आणि तिच्यावर बसला.

मी निकाल सांगितला. पंजाचा ठसा हा येण्याजाण्याचा पुरावा आहे, खाण्याचा नाही. बोका निर्दोष, तो इथेच राहील. शिक्षा काय करायची ते वहिनींनी सांगावं.

वहिनींना चोरीचं काही वाटत नव्हतं. त्यांना मिठाचं लागलं होतं. "माझ्या हाताला कुनी आजवर नाव ठेवलं न्हाई," त्या म्हणाल्या. "फुडल्या वर्षी ज्यांनी ज्यांनी बघितल्यात, त्यांनी चीक घोटायला यायचं. हात भरून आले की मग मिठाचं बोला."

"सक्तमजुरी!" काका एकदम ओरडले. पुकाऱ्याचा तो जुना आवाज पुढच्या इमारतीपर्यंत गेला असावा, कारण तिथल्या एका बाईंनी खिडकी उघडून इकडे बघितलं.

मी सभा संपल्याचं जाहीर केलं आणि चुकून म्हणालो, "आता बंदी नाही."

त्यानंतर जे झालं ते लिहिता येत नाही, कारण सगळे एकदम बोलले. एवढा वेळ दाबून ठेवलेल्या म्हणी एकाच वेळी सुटल्या. चेअरमनांची आयटीवाल्याच्या अंगावर, आयटीवाल्याची चेअरमनांच्या, माझ्या बायकोची माझ्यावर. मला एकही धड ऐकू आली नाही. मी वाटी-चमचा घेऊन उभा होतो आणि तो वाजवण्यात काही अर्थ नव्हता.

फक्त काका गप्प होते. बोका मांडीवर घेऊन ते गच्चीच्या कठड्याकडे बघत होते, ओठ हलत होते.

"काय झालं, काका?" मी विचारलं.

"एक फार नामी होती हो. याच प्रसंगाला बसणारी. दोन दिवस घोकून ठेवली होती." त्यांनी कपाळावर बोट आपटलं. "नेमकी आता आठवत नाही."

वहिनी कागदाच्या कडा गोळा करत होत्या. त्यांनी मान वर न करताच सांगितलं, "आठवंल तवा सांगा, काका. आता कुठं जाताय तुमी."