ओट्यावरची पांढरी रेघ गेली कुठे?

मित्रांनो, मी इथे मस्कतला आणि विरारला फुलपाड्यात आमचा किचनचा ओटा बसतोय. आईसाठी ग्रॅनाइटची अख्खी लादी घेतलेली. आज व्हिडिओ कॉलवर बघतो तर दोन तुकडे!

मिस्त्री बोलला, "भाऊ, जिन्यात वळत नव्हती, म्हणून कापली. जॉइंट दिसणार पण नाय."

मी तुकडे जुळवून दाखवायला लावले. एकातली पांढरी रेघ कापल्या कडेपर्यंत येते, दुसऱ्यात रेघच नाही. फिरवून बघितला, तरी नाही.

आई बोलते, "जाऊ दे रे, चांगला माणूस आहे, चहापण मागत नाय."

तिथेच मला जास्त संशय आला.

काम जाणणाऱ्यांनो, एकाच लादीची रेघ अशी तुटते का, की दुसरा तुकडा भलत्याच लादीचा आहे? लवकर सांगा. आईला सांगितलंय, तोवर त्याला चहा पाज, पण सिमेंट कालवू देऊ नको.