एनेलेसीने माझी शेरडं पळवली

देव एनेलेसीचं भलं करो, हे मी आधीच सांगून टाकते. बाजारात ती मांडासी, म्हणजे पिठाचे गोड गोळे, तळून विकते आणि उरलेला वेळ शिरे नदीत रोवलेल्या खांबावर डोळा ठेवते. पाणी खांबाच्या पिवळ्या पट्ट्याला लागलं की सामान बांधायचं, लाल पट्ट्याला लागलं की टेकडीवरच्या शाळेत पळायचं. गावानेच हे काम तिच्या गळ्यात मारलं, वर दमडी नाही. मी मेली तिला ‘नदीची सासू’ म्हणून चिडवायचे.

त्या दिवशी भर दुपारी ती धापा टाकत दारात आली.

“आजी, लालला लागलंय. उठा.”

“सत्तर वर्षं बघतेय मी या नदीला. चिंचेच्या झाडापुढे कधी आली नाही ती. जा बाई, तुझे गोळे करपतील.”

ती माझ्यापुढे गुडघे टेकून विनवत राहिली. मी आपली मका सोलत बसले, ढिम्म हलले नाही. तेव्हा या बयेने काय करावं? माझी तिन्ही शेरडं खुंट्यावरून सोडली आणि हाकत निघाली! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. काठी घेऊन मी मागे लागले.

“अगं चोरटे! दिवसाढवळ्या शेरडं पळवतेस? तुझं तोंड जळो!”

“मारा मला, आजी, पण वर येऊन मारा!”

गुडघे बोंबलत होते. शिव्या देत, बसत-उठत, तासाभराने मी शाळेच्या अंगणात पोचले. काठी उगारली, तेवढ्यात बायका ओरडल्या. वळून बघते तर चिंचेचा नुसता शेंडा पाण्यावर दिसत होता. माझं घर कुठे होतं, तेही कळेना. उगारलेली काठी मी खाली ठेवली.

संध्याकाळी सगळ्यांसाठी मक्याच्या पिठाची घट्ट न्सिमा शिजली. एनेलेसीने माझं ताट आणून दिलं.

“पोरी, तुझी शेरडं कुठे बांधलीस?” मी विचारलं.

“घरीच राहिली, चारही. म्हटलं, तुम्हाला वर पोचवावं, मग जाऊन सोडावीत.”

मी ताट बाजूला ठेवलं. तिचे दोन्ही हात धरून मी ढसाढसा रडले. “माझ्या हट्टापायी गेली गं! आज मी जिती आहे ती तुझ्यामुळे. हे कसं फेडू मी?”

तिचेही डोळे भरले होते. तिने पदराने माझं तोंड पुसलं.

“जेवा, आजी,” ती म्हणाली. “गार होतंय.”