जळकोटहून आणलेली ट्रॉली

ट्रॉली बघायला मी आणि बायको दोघंही जळकोटला गेलो होतो. रेणापूरजवळच्या आमच्या शेतात छोटा ट्रॅक्टर होता, पण त्याच्यामागं जोडायला काही नव्हतं. दरवेळी खताची पोती, कडबा, पाण्याची टाकी यांच्यासाठी कुणाच्या तरी दारात उभं राहायचा कंटाळा आला होता. जळकोटच्या एका गृहस्थांना त्यांची दोन चाकांची लहान ट्रॉली विकायची आहे, असं आडतीवर कळलं.

गृहस्थ साठीच्या आसपासचे. कपाळाला भस्म, बोलणं मऊ. 'शरणार्थ' असा नमस्कार करत त्यांनी आम्हाला बसवलं, चहा पाजला, पण ट्रॉलीपाशी मात्र आले नाहीत. ओसरीवरूनच हात केला, "तिकडं लिंबाखाली हाय, बघून घ्या."

ट्रॉली चांगली होती. टायर नवे, फळ्या शाबूत. रंग सगळीकडं उडालेला, फक्त ट्रॅक्टरला जोडायच्या पुढच्या लोखंडी दांड्यावर ताजा, चकचकीत लाल रंग होता. बायको वाकून त्या दांड्याच्या खालच्या बाजूला बघत राहिली. तिथं लिंबू-मिरची बांधायच्या तारा होत्या. एक-दोन नाही, एकावर एक कितीतरी, जुन्या गंजलेल्या, सगळ्या एकाच जागी.

"यवढ्या कशाला बांधल्या असतील?" ती हळूच म्हणाली.

"लोक बांधतेतच की," मी म्हणालो.

घासाघीस झालीच नाही. मी भीतभीत जो आकडा सांगितला, त्याला त्यांनी मान हलवली. आम्ही सोबत नेलेल्या ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून निघालो तेव्हा घरातल्या कुणीतरी आतून दार लावून घेतलं. कडीचा आवाज ट्रॅक्टरच्या आवाजातही मला ऐकू आला.

ट्रॉलीनं काम मात्र भरपूर दिलं. शेणखत, ऊस, विटा, चुलतभावाच्या लग्नातली भांडी, सगळं तिनं वाहिलं. पण खड्ड्यातून चाक गेलं की दांड्यातून 'कट्' असा आवाज यायचा. बोटं मोडल्यासारखा. मी रेणापुरात वेल्डिंगवाल्याकडं नेली. त्यानं हातोड्यानं ठोकून बघितलं, लाल रंगावर नख ओढलं आणि म्हणाला, "पट्टी मारलेली हाय आधीच. पक्की हाय. बिनघोर चालवा."

त्यानंतर आवाज थांबला नाही, पण मी तो ऐकायचं बंद केलं. बायकोनं नाही. ट्रॉलीत माणसं बसली की ती एका हातानं फळी धरून त्या दांड्याकडंच बघत राहायची.

सोयाबीन काढायच्या दिवसांतली गोष्ट. दुपार कलली होती आणि उदगीरच्या बाजूनं आभाळ भरून आलं होतं. काढणीला आलेल्या बायका नेहमीसारख्या ट्रॉलीत चढल्या. मागं थोडी पोती होती, पुढं त्या. शेतातून गावाकडं येताना पाझर तलावाच्या कडेनं एक चढण आहे. एका बाजूला मातीचा भराव, दुसऱ्या बाजूला सरळ पाणी. चढणीच्या पायथ्याशी आवाज आला. या वेळी तो लांबला.

"आवं, थांबवा," बायको मागून म्हणाली.

मी ट्रॅक्टर थांबवला.

"सगळ्याजणी उतरा. चढ चालत चढू."

बायका कुरकुरल्या. पावसाची सर कुठल्याही क्षणी येईल अशी होती. तरी एकेक करून उतरल्या. राहिली फक्त एक म्हातारी, आमच्याकडं बरीच वर्षं येणारी. "माझे गुडघे गेलेत, मी न्हाई उतरत," ती म्हणाली. बायको तिला सोडायला तयार नव्हती. "मावशी, एवढं ऐका माझं," म्हणत तिनं दोघींच्या मदतीनं म्हातारीला धरून खाली घेतलं. म्हातारी पुटपुटत तिच्या खांद्यावर भार टाकून मागं चालू लागली.

मी गिअर टाकला. अर्धी चढण चढलो असेन. एकाएकी ट्रॅक्टर हलका झाला आणि उसळी मारून पुढं गेला. मी मागं वळून बघितलं. दांडा मोडून पडला होता. ट्रॉली नाक मातीत ओढत उलटी खाली निघाली होती, आधी सावकाश, मग सावकाश नाही. आणि तिच्या मागं, त्याच वाटेवर, मघाशी सुखरूप राहाव्यात म्हणून उतरवलेल्या सगळ्या बायका होत्या.

त्या बाजूला पांगल्या. म्हातारीला पळता येईना. ट्रॅक्टरचा ब्रेक दाबून धरण्यापलीकडं मला काही करता येत नव्हतं. बायकोनं तिला दोन्ही हातांनी कवेत घेतलं आणि भरावाच्या उतारावर स्वतःला झोकून दिलं. ट्रॉली त्यांना घासून गेली, कडेवर कलली आणि पाण्यात गेली. पोत्यांसकट. बराच वेळ बुडबुडे येत होते.

म्हातारीला खरचटलंसुद्धा नव्हतं. बायकोच्या पावलावरून चाक गेलं होतं. ती नुसती पायाकडं बघत होती. म्हातारी पाण्याकडं बघत म्हणाली, "मी बसूनच ऱ्हायले असते तर." मग पाऊस आला.

लातूरला पावलाचं ऑपरेशन झालं. ती घरी आल्यावर मी जळकोटला गेलो. गृहस्थ ओसरीवरच होते. मला ओळखलं, उठून उभे राहिले. मी अजून काही बोललो नव्हतो.

"कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "कुणी न्हाई. बायकोचा पाय गेला."

ते खाली बसले. तांब्यातलं पाणी प्यायले, अर्धं धोतरावर सांडलं. "आमची सून गेली," ते म्हणाले. "चढावरच. तोच दांडा. मी जोडून घेतला, रंग दिला."

"मग सांगितलं का न्हाई?"

"सांगितलं असतं तर तुम्ही नेली असती का? ट्रॉली दारात उभी ऱ्हायची. आमचं पोरगं रोज सकाळी उठून तिच्याकडं बघत बसायचं." तांब्या बाजूला सारत म्हणाले, "तुम्ही नेली त्या दिवशी पोरगं जेवलं."

त्यांच्याशी भांडायला म्हणून मी इतका लांब गेलो होतो. न भांडता परत आलो.

उन्हाळ्यात तलाव आटत गेला, तशी ट्रॉली वर येऊ लागली. आधी मागचा फाळका, मग चाकं. लगेच गावातले दोघं-तिघं विचारायला आले. टायर चांगले आहेत, दांडा तेवढा नवा टाकून घेतो, म्हणाले. मी घरात विचारलं.

"कुणाला देऊ नका," बायको म्हणाली. "कापा."

गॅसकटरवाला आणला. ती काठी टेकत तलावापर्यंत आली आणि शेवटचा तुकडा भंगारवाल्याच्या गाडीत पडेपर्यंत भरावावर बसून राहिली.

यंदा सोयाबीनला पुन्हा त्याच बायका आल्या. पहिल्याच दिवशी परतताना, डोक्यावर आभाळ तसंच दाटलेलं असताना, म्हातारीनं मला विचारलं, "मालक, नवी ट्रॉली कधी आणायलाव?"